पळसाच्या पानांचा माणूस

"पुतळ्याला पानं किती लागतात ते भटजीबुवा सांगतील," तात्या म्हणाले. "पानांची काळजी गुरवाच्या घरानं कशाला करायची? साऱ्या गावाला जेवायला पत्रावळी पुरवतो आपण. आपल्या एका माणसापुरती पानं न्हाईत व्हय?"

ते हसले. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी हातातला तंबाखू उगीच जास्त मळला.

तात्या माझे चुलतसासरे. सासरे गेल्यापासून घरात मोठं माणूस म्हणून त्यांचाच शब्द चालायचा. माझा धाकटा दीर मल्हारी ओट्याच्या खांबाशी उभा होता. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या उंबऱ्याच्या आत, अर्ध्या अंधारात बसल्या होत्या. मी कोपऱ्यात पत्रावळी लावत होते. पितृपक्ष चालला होता. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी पितरांचं जेवण, त्यामुळे आमच्या घरात हात रिकामा ठेवायची सोय नव्हती.

बोलणं चाललं होतं ते माझ्या नवऱ्याबद्दल.

शिदू बारा वर्षांपूर्वी एका सकाळी देवाला बेल आणायला म्हणून गेला, तो परत आला नाही. ओढ्याला त्या दिवशी पाणी होतं. बेलाची परडी ओढ्याकाठच्या निगडीच्या झुडपात अडकलेली सापडली. माणूस सापडला नाही. कुणी म्हणालं वाहून गेला, कुणी म्हणालं पळाला. मी कपाळाला कुंकू लावत राहिले आणि पावसाळ्यात ओढ्याचा आवाज वाढला की रात्री उठून बसत राहिले.

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, की त्याला गेलेला धरतात. जाळायला अंग नसतं. म्हणून पळसाच्या पानांचा, देठांचा माणूस करतात. नारळाचं डोकं, पिठाचा लेप, वर सूत गुंडाळायचं. त्याला अग्नी द्यायचा. अग्नी दिला की तो माणूस मेला आणि त्याची बायको विधवा झाली.

"हौसे, तुला काय म्हणायचं असंल तर आत्ताच म्हण," तात्या म्हणाले. "मागनं रडारड नको."

"मी काय म्हणू?"

"केशरचं बघतीस ना तू?"

केशर मल्हारीची बायको. तिची दोन लेकरं जन्मून महिन्या-दोन महिन्यांत गेली होती. आता तिसऱ्या खेपेला तिचे दिवस भरत आले होते. गावातल्या जाणत्या बायका, भटजी, सगळ्यांचं म्हणणं एकच: घरातला थोरला ना इकडचा ना तिकडचा असा लोंबकळतोय, त्याला वाट करून दिल्याशिवाय धाकट्याची लेकरं टिकायची नाहीत.

"करा," मी म्हणाले.

तात्या दाराकडे वळले. "वैनी? तुमचं काय?"

 आत्याबाईंचा आतूनच आवाज आला, "करा म्हटलं ना तिनं. मग करा."

तात्या गेले. मला पहिल्यांदा वाटलं ते हलकं. बारा वर्षं डोक्यावर घेतलेला भारा कुणी तरी खाली उतरवून घेतल्यासारखं. आणि लगेच त्या हलकेपणाची अशी लाज वाटली, की हातातली पत्रावळ मी उलटीच लावून टाकली. मी डोळे मिटून शिदूचा चेहरा आठवून बघितला. कान आठवले. उजव्या भुवईवरचा व्रण आठवला. चेहरा आला नाही.

चुलीपुढं केशरनं मला गाठलं. पोटामुळं तिला धड खाली बसता येत नव्हतं. भिंतीला हात लावून उभी राहिली.

"अक्का, तुमच्या कपाळाचं पुसून माझं लेकरू जगणार असंल, तर मला नको तसलं."

"गप. या दिवसांत असलं बोलू नये."

"मग तुमी न्हाई म्हणा की. तुमी न्हाई म्हटलं तर कुणाची हिंमत हाय?"

"म्हटलं असतं. तुझं पोट बघितलं आणि जीभ वळली न्हाई."

"उद्यापास्नं तुमच्या हातची पत्रावळ लग्नाला कुणी घेणार न्हाई, ठावं हाय न्हवं?"

ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे विधवेच्या हातच्या पत्रावळी मर्तिकाला चालायच्या, पितरांना चालायच्या. लग्नाला, बारशाला नाही. लगनसराईत आमच्या अंगणात बायका गोल करून बसायच्या, गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करायच्या आणि बघता बघता पत्रावळींचे ढीग लागायचे. माझा हात त्यात सगळ्यात चालता होता. बारा वर्षांत मी जिवंत राहिले ती त्या अंगणाच्या जिवावर.

"मर्तिकं कमी होतात व्हय गावात?" मी म्हणाले. "बसून न्हाई राहायची मी."

केशर हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कोयता घेऊन निघाले, तर आत्याबाई दारात आडव्या.

"कोयता ठेव. पानं मी आणते."

"आत्याबाई, टेकडी चढायची हाय. तुमचं गुडघं—"

"माझ्या लेकाची पानं मी तोडणार. माझ्या मागं कुणी यायचं न्हाई."

असल्या दिवशी आईला कोण अडवणार? मी मागं सरले. मला त्यांची दयाच आली. माझी सासू तरुणपणी तिखट बाई होती. पण गेली काही वर्षं त्या माझ्याशी फार मायेनं वागत होत्या. दुधावरची साय माझ्या ताटात यायची. माझं डोकं दुखलं तर स्वतः तेल चोळायच्या. केशर चेष्टेनं म्हणायचीसुद्धा, "मला बी नवरा सोडून गेला असता तर बरं झालं असतं, साय तरी मिळाली असती." मी समजत होते, दोघींचं दुःख एक, म्हणून ही माया.

टेकडीवर जाऊन यायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात त्या परत आल्या. भारा ओल्या धडप्यात घट्ट बांधलेला. मी घ्यायला गेले तर त्यांनी तो दुसऱ्या बाजूला केला.

"राहू दे. याचं वझं न्हाई होत मला."

पाणी पिताना त्यांच्या बोटांवर ओरखडे दिसले. करवंदीत हात गेला असेल, असं मला वाटलं.

दुपारी आम्ही नदीवर गेलो. तात्या आंब्याखाली सावलीला बसले. मल्हारीनं शेणानं जागा सारवली, लाकडं रचली आणि अंघोळीला खालच्या वळणावर पाण्यात उतरला. भटजीबुवा म्हातारे होते. डोळ्यांवर सारा येऊन दिसायला अंधुक झालेलं, मंत्र मात्र घडाघडा पाठ. त्यांनी दर्भ मांडला आणि हात पुढे केला.

"द्या हो गुरवीणबाई. एकेक पान पुसून द्या. डोकं तिकडे, पाय इकडे. सांगतो तसं."

पानं पुसून द्यायचं काम माझं. मी भारा सोडला. वरची पानं पळसाची होती. मी ती पुसली आणि दिली. भटजी मंत्र म्हणत ती लावत गेले. मान झाली, छाती झाली. मग माझ्या हाताला वेगळंच पान लागलं.

मी खाली बघायच्या आधीच बोटांना कळलं. पळसाचं पान चामड्यासारखं जाड असतं, पाठीवर लव असते, टोक बोथट. हे पान मऊ होतं, पातळ, टोकाला निमुळतं. देठाला पळसासारखीच तीन पानं, लांबून दिसायला तसंच. पण तो पांगारा होता. आमच्या परसात कुंपणाला काटेरी पांगारा होता. त्याच्या पानाची पत्रावळ लागत नाही. गरम भात पडला की पान मान टाकतं. गुरवाच्या घरातल्या रांगत्या पोरालाही तो फरक कळतो.

मी दुसरं पान उचललं. पांगारा. तिसरं. पांगारा. भाऱ्याच्या तळापर्यंत पांगाराच.

मान वर केली तर आत्याबाई माझ्याकडेच बघत होत्या. चाळीस वर्षं पानं लावलेली बाई. तिची चूक होणं शक्य नव्हतं. त्यांनी नजर काढून घेतली आणि नदीकडे बघत बसल्या.

"हं, द्या," भटजी म्हणाले.

मी पांगाऱ्याचं पान पुसून त्यांच्या हातावर ठेवलं.

मला वाटलं, मला कळलं. आईला लेक जाळवत नाही. खऱ्या पानांनी केला तर तो शिदू होईल, आणि शिदूला आग लावावी लागेल. म्हणून तिनं कुंपणाचा पाला आणला. एवढं तिला फसवू द्यावं. मी तिला ते देणं लागत होते, कारण तिच्या लेकाचा चेहरासुद्धा माझ्याजवळ उरला नव्हता. मी पानं देत राहिले. पोट झालं, हात झाले, पाय झाले. तो दर्भावर आडवा झाला. नारळाचं डोकं बसलं.

"आता बाईंनी सौभाग्य उतरवून त्याच्या अंगावर ठेवायचं," भटजी म्हणाले. "मग अग्नी."

मी एका हातातल्या बांगड्या काढल्या. दुसऱ्या हातातल्या काढल्या. त्याच्या छातीवर ठेवल्या. गळ्यामागं मंगळसूत्राच्या गाठीला हात घातला, तेवढ्यात आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. 

"जरा इकडं चल."

"वैनी!" तात्या आंब्याखालून ओरडले. "आता मधी येऊ नका. झालं ते झालं."

"तिचं तोंड धुवून आणते," आत्याबाई म्हणाल्या आणि मला ओढत पाण्याशी घेऊन गेल्या. तिथं त्या वाळूत बसल्या. मीही बसले.

"पांगारा हाय त्यो," मी हळूच म्हणाले. "मला दिसला. मी कुणाला न्हाई सांगायची. तुमी आई हायसा."

त्यांनी मान हलवली. "तसं न्हाई, पोरी. जिता हाय त्यो."

मला वाटलं, म्हातारी दुःखानं बरळतेय.

"जोतिबाच्या यात्रेला गेलती बघ मी, शेजारणींच्या संगं. चार वरसं झाली. चैत्राची यात्रा. गुलालात कुणीतरी माझं पाय धरलं. बघते तर शिदू. केस पिकल्यालं. संगं बाई होती. कडंवर पोरगं होतं. तकडं कर्नाटकात कुठं कारखान्यावर हाय म्हणाला. रडला. म्हणाला, आई, घरी सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठिवून घेतला, शपथ घातली."

 नदीच्या पाण्यात कुणाची तरी वाहून आलेली पत्रावळ गोल गोल फिरत होती. कालच्या पितरांची असेल. ती मीच लावलेली असणार.

चार वर्षं. चार वर्षांची साय माझ्या घशाशी आली.

"म्हणून पांगारा आणलासा," मी म्हणाले.

"जित्या माणसाला पळसाच्या पानात जाळलं तर त्यो मरतो, हौसा. माझा लेक हाय त्यो."

"आणि केशरच्या पोटात हाय ते कुणाचं हाय? ह्या पाल्यानं त्याचं काय व्हायचं?"

"मी काय करू? दोन लेकरं. एकाला वाचवायला दुसऱ्याला आगीत घाल म्हणताय समदी. म्हटलं, लोकांच्या डोळ्यांपुरतं हू दे. देव बघून घील."

"आणि मी?"

त्यांनी तोंड पाण्याकडे फिरवलं.

"आत्याबाई, मी? ही बांगड्या काढल्याली मी. पाल्यापायी रांडाव झाल्याली मी. माझा काय इचार केलासा?"

त्यांनी वाळूची मूठ भरली, सोडली. पुन्हा भरली.

"तू सोसशील असं वाटलं," त्या म्हणाल्या. "आजवर सोसलंस ना."

मी उठले. त्यांनी माझा पदर धरला, तो मी सोडवून घेतला. पुतळ्याजवळ आले. त्याच्या छातीवरच्या बांगड्या उचलून पदरात बांधल्या.

"भटजीबुवा, पानं चुकली. पांगारा आलाय भाऱ्यात. दुसरी आणावी लागतील."

"चुकली?" भटजींनी एक पान डोळ्यांशी नेलं, मग बोटांनी चोळून बघितलं. "अरे राम. गुरवाच्या घरात ही चूक?"

तात्या तरातरा आले. "कुणी केला हा गाढवपणा?"

"माझीच नजर चुकली," मी म्हणाले. "मी आणते."

"मी जातो, वैनी," मल्हारी ओलेत्यानं वर येत म्हणाला.

"भावजी, तुमी अग्नी देणार. तुमी हितून हलू नका."

"दिवस मावळायच्या आत या," भटजी म्हणाले. "नाहीतर मला उद्या जमायचं नाही." आणि लावलेली पानं ते एकेक करून मोडायला लागले.

मी टेकडीची वाट धरली. बोलायला तोंड होतं. तिथंच ओरडून सांगता आलं असतं, की माणूस जिवंत आहे, विधी बंद करा. मग मी काय झाले असते? टाकलेली. बारा वर्षं ओढ्याचा आवाज ऐकत बसलेली येडी. आणि केशरच्या लेकराला काही झालं असतं, तर त्याचं खापर त्या दिवसावर फुटलं असतं. हे सगळं मी पुढं पुष्कळदा मनाशी जुळवून बघितलं. चढणीवर असताना मात्र यातलं काही डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं, की आज त्याला जाळायचं. नीट जाळायचं.

मागून दगड घरंगळल्याचा आवाज आला. आत्याबाई गुडघ्यावर हात टेकत चढत होत्या.

"हौसा, थांब. ऐक माझं."

मी थांबले नाही.

"अगं त्यो मरंल! तुला मारायचाय का त्याला?"

मी पळसाशी पोचले. खालच्या फांद्या शेरडांनी ओरबाडलेल्या, किडक्या. हाताला येतील तेवढी पानं मी तोडली; निम्मी भोकं पडलेली, काही कडेला फाटलेली. चांगली पानं वर होती. मी टाचा उंचावल्या. फांदी बोटाला लागायची आणि निसटायची. कोयता घरीच राहिला होता.

आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. धाप लागलेली. मला वाटलं, आता त्या माझा हात धरतील, पायावर पडतील. पडल्या असत्या तर मी थांबले असते का, कोण जाणे.

"त्यानं तुझं वाईट केलं," त्या धापेतच म्हणाल्या. "आणि चार वरसं मी."

मी वर बघत राहिले.

"तुझ्या जागी मी असते तर तिथंच ओरडले असते. तू न्हाई ओरडलीस. चूक बी माझी सवताच्या अंगावर घेतलीस."

"तुमच्यासाठी न्हाई घेतली."

"ते कळतंय मला."

मी पुन्हा उडी मारली. पुन्हा निसटली.

मग त्या पुढं आल्या. माझ्यापेक्षा वीतभर उंच होत्या त्या. दोन्ही हात वर करून त्यांनी ती फांदी धरली आणि सगळा भार टाकून खाली ओढली. पानं माझ्या तोंडापर्यंत आली.

"तोड," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"तोड लवकर. मला फार येळ न्हाई धरवायची. आणि देठासकट तोड, न्हाईतर भटजी परत पाठवील."

मी तोडायला लागले.   लग्नाच्या पत्रावळींना तोडावीत तशी मी भराभरा, एकसारखी पानं तोडत होते.

केशरला मुलगा झाला. तो जगला. आता त्याचीही मुलं शिकायला बाहेर आहेत. जोतिबाच्या यात्रेला आमच्या घरातलं पुढं कुणी गेलं नाही. आत्याबाई होत्या तोवर त्यांनी शिदूचं नाव काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. पितृपक्षात त्याच्या नावानं जेवण व्हायचं. त्याची पत्रावळ मीच लावायचे.

त्या दिवशी टेकडीवर ओंजळ ओटीत टाकताना मला आधीची किडकी, फाटकी पानं दिसली. ती तशीच भाऱ्यात जाणार होती. आत्याबाईंनी डोळे उघडले होते. त्याही माझ्या ओटीकडे बघत होत्या.

"ती फाटकी काढून टाक," त्या म्हणाल्या. फांदी त्यांनी अजून सोडली नव्हती. "त्याला चांगली बघून घे."

मी फाटकी पानं खाली टाकली आणि वरची, चांगली, तोडायला लागले.